जपानमध्ये पहिले काही महिने: होस्ट कुटुंब की शेअर हाउस?

जपानी कुटुंबाच्या घरी राहायचं, की इतर भाडेकरूंबरोबर वाटून घेतलेल्या घरात (शेअर हाउस)? भाषा शिकायला निघालेले बरेच जण इथेच अडतात.

खर्च: होस्ट कुटुंबाच्या महिन्याच्या रकमेत सहसा नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलेलं असतं. शेअर हाउसचं भाडं त्यामानाने कमी दिसतं, पण किराणा आपला. वीज-पाणी भाड्यात आहे का, ते आधी विचारा.

जेवण: शाकाहाऱ्यांची खरी अडचण इथे. 'मांस खात नाही' म्हटलं तरी मिसो सूपमध्ये (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सूप) दाशी, म्हणजे चवीसाठीचं पातळ सार, असतेच, आणि ती बहुधा कात्सुओबुशीची, म्हणजे सुकवलेल्या माशाची. कोंबूची, म्हणजे समुद्री शेवाळाची दाशी चालेल, असं निघण्याआधीच लेखी कळवा. शेअर हाउसमध्ये स्वयंपाक आपल्या हाती. फक्त घरचा मिक्सर नेऊ नका. तिथली वीज १०० व्होल्टची, तो नीट फिरणारच नाही.

शिस्त: कुटुंबात अंघोळ टबाबाहेर करून मगच गरम पाण्यात बसायचं. तेच पाणी सगळ्यांचं, त्यामुळे बूच काढू नका. संडासाच्या चपला तिथेच सोडा. उशीर होणार असेल तर जेवणाआधी कळवा. कचरा टाकण्याचे ठरलेले वार मात्र दोन्हीकडे पाळावे लागतात.

कागदपत्रं: राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्ता नगरपालिकेत नोंदवायचा असतो. कुटुंबातलं कुणी सोबत आलं तर तासाभराचं काम. एकट्याला जपानी फॉर्म जड जातो.

बोलीभाषा लवकर हवी, मांसाहार चालतो, तर कुटुंब. कडक शाकाहारी असाल किंवा रात्रीची अर्धवेळ नोकरी करणार असाल, तर शेअर हाउस.