फुकटचा ॲडॅप्टर आणि 'एकदम मिंट' लेन्स

निकॉनचा डीएसएलआर असलेल्या गिऱ्हाइकाला हेलिऑस ४४-२ विकताना विक्रेता ॲडॅप्टर (एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर बसवणारी कडी) फुकट देतो, आणि मेख तिथेच असते. ही ५८ मिमी, एफ/२ ची (पूर्ण उघडल्यावरचा भोकाचा आकडा) सोव्हिएत लेन्स एम४२, म्हणजे ४२ मिमी व्यासाच्या आट्यांची. सेन्सरपासून तिचं अंतर ४५.४६ मिमी हवं. निकॉनच्या एफ माउंटचं (कॅमेऱ्यावर लेन्स बसते ते तोंड) ४६.५. म्हणजे ॲडॅप्टर कितीही पातळ असो, लेन्स एक मिमीहून जास्त पुढेच राहते. तेवढ्यानेच साधारण सव्वातीन मीटरपलीकडचं काहीही फोकस होत नाही. जाहिरातीतले नमुना फोटो बघा: फूल, मांजर, चेहरा. डोंगर एकही नाही. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "जुनी लेन्स आहे, सॉफ्टच असणार." मग काच बसवलेला ॲडॅप्टर वेगळ्या पैशांत गळ्यात मारतात. त्याने लांबचं फोकस होतं, पण एफ/२ ला चित्र पुसट येतं. लेन्स ज्यासाठी घेतली तेच जातं. कॅननच्या ईएफ माउंटचं अंतर ४४ मिमी, तिथे पातळ कडी पुरते. सोनीच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या ई माउंटचं १८, म्हणून मधे नुसती रिकामी नळी. मिररलेसवाल्याला कोणी काचेचा ॲडॅप्टर 'प्रीमियम' म्हणून देऊ लागला तर सरळ उठावं.

फंगसची, म्हणजे काचेवर वाढणाऱ्या बुरशीची, फसवणूक जास्त बेमालूम. "फंगस होती, साफ करून दिलीय" हे खरंही असतं. पण फंगस काचेवरचं कोटिंग खाते. पुसल्यावर धागे जातात, त्यांचे व्रण राहतात. ऊन पाठीशी घेऊन काढलेल्या फोटोत ते दिसणारच नाहीत. समोर दिवा आला की मात्र सगळं चित्र पांढुरकं पडतं.

ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) एफ/२ वर पूर्ण उघडा, मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेकडून तिरका धरा आणि लेन्स हळूहळू फिरवत पुढून बघा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर फंगस. एकसारखी दुधाळ झाक असेल तर हेझ. कडेला इंद्रधनुषी चट्टे म्हणजे एकमेकींना चिकटवलेल्या काचा सुटू लागल्यात, ती लेन्स सोडाच. धुळीचे चार कण असू देत, भाव पाडायला बरे. मुंबईत किंवा कोकणात काही पावसाळे कपाटात काढलेली लेन्स 'मिंट', म्हणजे नव्यासारखी, म्हणून आली, तर टॉर्च मारल्याशिवाय भावाचं बोलूच नका.

ॲपर्चरचं भोक लहानमोठं करणाऱ्या पात्यांवरच्या तेलाचा बाऊ हेलिऑस ४४-२ मध्ये करू नये. तिची पाती हाताने फिरणाऱ्या कड्यावर चालतात. पेन्टॅक्सच्या सुपर टाकुमार लेन्समध्ये मात्र स्प्रिंग असते, तिथे तेलाने पाती रेंगाळतात. एफ/१६ लावा, स्विच ऑटोवर ठेवा, मागची पिन बोटाने दाबा. पाती खटकन मिटली पाहिजेत आणि पिन सोडताच उघडली पाहिजेत. रेंगाळली तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करा.

पैसे द्यायच्या आधी आपल्याच कॅमेऱ्यावर, आपल्याच ॲडॅप्टरने लांबच्या टॉवरवर फोकस करून बघा. कुरिअरने मागवायची असेल तर टॉर्चचा व्हिडिओ मागा: न कापलेला, लेन्सवरचा नंबर दिसेल असा. टाळाटाळ झाली तर दुसरा विक्रेता शोधा. हेलिऑस ४४-२ लाखोंनी बनल्या, दुर्मिळ अजिबात नाहीत.