आजी-आजोबांना झेपेल अशी गाडी: टॅक्सी, रॅम्पवाली ईको, मेट्रो, बेस्ट आणि लोकल

गाडीचं परीक्षण म्हटलं की सीट मऊ आहे का, एसी लागतो का, ड्रायव्हर नीट बोलतो का, यावर सगळा भर असतो. ऐंशीच्या घरातल्या माणसाला न्यायचं असेल तर हे सगळं नंतर. घराच्या उंबऱ्यापासून डॉक्टरांसमोरच्या खुर्चीपर्यंत सगळ्यात उंच पायरी कुठली आणि सगळ्यात जास्त वेळ उभं कुठे राहावं लागतं, हे दोनच प्रश्न आधी. मुंबईत गाडी बहुतेक वेळा मिळते. अडतं ते बिल्डिंगच्या तीन पायऱ्यांवर, नाहीतर हॉस्पिटलच्या गेटपासून ओपीडीपर्यंतच्या चालण्यात. म्हणून खाली प्रत्येक पर्याय याच दोन मापांनी मोजला आहे.

काठी घेऊन का होईना, पण चार पावलं चालू शकणाऱ्या माणसासाठी वॅगन आरची काळीपिवळी अजूनही सगळ्यात सोयीची. गाडी उंच असल्यामुळे सीट कमरेच्या थोडीशीच खाली येते. बसताना आपण खड्ड्यात पडल्यासारखे जात नाही आणि उठताना दोघांनी ओढावं लागत नाही. ॲपवर येणाऱ्या सेडान दिसायला ऐसपैस, पण त्यांची बैठक खोल. गुडघे आखडलेल्या माणसाला त्यातून बाहेर काढणं म्हणजे कसरत. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी काळीपिवळी टॅक्सी, निवृत्त झाली तेव्हा सगळे हळहळले, पण गुडघेदुखीवाल्यांचं त्यात फारसं नुकसान झालं नाही.

बसवण्याची पद्धत मात्र बहुतेक जण चुकतात. एक पाय आत टाकून मग वाकून शिरायला सांगतात, आणि नेमका त्याच क्षणी तोल जातो. आधी पाठ गाडीकडे करायची, मागे सरकत पोटऱ्या गाडीला लागल्या की बूड सीटवर टेकवायचं, डोकं खाली घ्यायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत वळवायचे. सीटवर मोठी प्लास्टिकची पिशवी अंथरली तर अंग सहज फिरतं. बसल्यावर ती काढून घ्यायची, नाहीतर पहिल्या ब्रेकला माणूस पुढे घसरतो. आधाराला उघडा दरवाजा धरू देऊ नये, तो हलतो. खुबा बदलून थोडेच आठवडे झाले असतील तर मागची सीट टाळावी. ड्रायव्हरशेजारची सीट पूर्ण मागे सरकवून, खाली घट्ट उशी घालून बसवावं, म्हणजे खुबा गुडघ्यापेक्षा वर राहतो. मऊ फोमची उशी दबते आणि घातल्याचा काही उपयोग होत नाही.

आता टॅक्सीतला खरा घोळ. मुंबईतल्या बहुतेक टॅक्सी सीएनजीवर चालतात आणि सिलिंडर डिकीत असतो. घडी केलेली नेहमीची व्हीलचेअर तिथे मावत नाही. काळीपिवळीच्या टपावर कॅरिअर असेल तर ती वर बांधता येते. ॲपच्या गाडीला बहुतेक वेळा कॅरिअर नसतो, मग ती मागच्या सीटवर आडवी टाकावी लागते आणि सोबतच्या माणसाला जागा उरत नाही. गाडी दारात आल्यावर हे कळलं की भाडं रद्द, पुन्हा पंधरा मिनिटं उभं राहणं. बुक केल्याबरोबर ड्रायव्हरला फोन करून ‘व्हीलचेअर आहे, कॅरिअर आहे का?’ एवढं विचारून घ्यावं. वरचेवर जावं लागत असेल तर मोठ्या चाकांची १५-१८ किलोची खुर्ची घरात ठेवून, लहान चाकांची ॲल्युमिनियमची हलकी खुर्ची प्रवासाला वेगळी घ्यावी. ती फुटपाथवर खडखडते, पण पायांशी मावते.

रिक्षाला नाकं मुरडू नयेत. पायरी खाली, धरायला समोर दांडा, दरवाजाची भानगड नाही. गुडघ्यांसाठी ती चांगली, मणक्यासाठी वाईट. हाडं ठिसूळ झालेल्या किंवा पाठीत फ्रॅक्चर होऊन गेलेल्या माणसाला खोदलेल्या रस्त्यावरून रिक्षाने नेणं म्हणजे दुखणं विकत घेणं. शिवाय माहीम आणि शीवच्या अलीकडेच तिची हद्द संपते. कांदिवलीहून परळला जाताना मध्येच वाहन बदलावं लागणार, आणि वयस्कर माणसाच्या प्रवासात प्रत्येक बदल म्हणजे आणखी एक चढणं-उतरणं. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ आणि टॅक्सीचे ३१ रुपये आहेत. फरक एवढाच असेल तर जवळच्या अंतरालाही उंच बैठकीची टॅक्सी बघावी.

खुर्चीतून उठताच येत नसेल, तर रॅम्प किंवा हायड्रॉलिक लिफ्ट लावलेली गाडी. मुंबईत अशा गाड्या भाड्याने देणाऱ्या खासगी सेवा आहेत. बहुतेक ईकोसारख्या व्हॅन, मागचा दरवाजा उघडून खुर्चीसकट माणूस आत. टॅक्सीपेक्षा भाडं बरंच जास्त. पण पॅरालिसिसच्या माणसाला तीन जणांनी उचलून सीटवर टाकायचं आणि त्यात कुणाची तरी कंबर धरायची, त्यापेक्षा हे पैसे सत्कारणी लागतात. फोनवर भाडं विचारण्याआधी मापं विचारावीत. माणूस खुर्चीत बसलेला असताना जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची टेपने मोजून ठेवायची आणि मागच्या दरवाजाची आतली उंची विचारायची. उंच बांध्याच्या माणसाचं डोकं चौकटीला लागतं, आणि मान वाकवता येत नसेल तर गाडी परत पाठवावी लागते.

दुसरा प्रश्न पट्ट्यांचा. खुर्ची चार टोकांना जमिनीशी बांधली जाते का आणि माणसाला वेगळा पट्टा आहे का? ‘ब्रेक लावलाय ना चाकांना’ हे उत्तर आलं तर फोन ठेवावा. खुर्चीचा ब्रेक सपाट जमिनीवर उभं राहण्यासाठी असतो, धावत्या गाडीसाठी नव्हे. इमारतीच्या रॅम्पला एक फूट उंचीमागे बारा फूट लांबी असावी असा नियम आहे. गाडीचा रॅम्प त्याच्यापेक्षा कितीतरी खडा असतो, त्यामुळे एकट्या ड्रायव्हरच्या भरवशावर राहू नये. चढवताना माणसाचं तोंड गाडीकडे आणि ढकलणारा मागे. उतरवताना खुर्ची पाठमोरी, धरणारा खालच्या बाजूला, पावलं मागे टाकत. हे उलटंपालटं झालं की माणूस तोंडावर येतो.

तिसरं, आणि भांडण नेमकं यावरूनच होतं: ही सेवा गाडीच्या दारापर्यंतची की घराच्या दारापर्यंतची? लिफ्ट नसलेल्या इमारतीतून खाली आणणं बहुतेकांच्या भाड्यात धरलेलं नसतं. त्यासाठी दोन माणसं वेगळी सांगावी लागतात. लिफ्ट असली तरी जुन्या इमारतींतल्या जाळीच्या दरवाजाच्या लिफ्टचं तोंड आधी मोजावं. नेहमीची खुर्ची २४ ते २६ इंच रुंद असते. वेटिंगचे पैसे तासाने की पॅकेजमध्ये, तेही तेव्हाच ठरवावं, कारण ओपीडीचा नंबर कधी लागेल हे डॉक्टरही सांगत नाहीत.

मेट्रोला चढण्या-उतरण्यात पैकीच्या पैकी. डबा आणि फलाट एका पातळीत, व्हीलचेअरची जागा राखलेली, आणि तीन नंबरच्या मार्गिकेवर फलाटाच्या कडेला पूर्ण उंचीचे काचेचे दरवाजे असल्यामुळे धक्का लागून रुळांवर पडण्याची भीती नाही. ऑक्टोबर २०२५ पासून हा मार्ग आरेपासून कफ परेडपर्यंत, ३३.५ किलोमीटर, पूर्ण सुरू आहे. नायर हॉस्पिटलला जाणाऱ्यांना मुंबई सेंट्रल, कामा आणि जी.टी. हॉस्पिटलला जाणाऱ्यांना सीएसएमटी, अशी स्थानकं जवळ आली. केईएम आणि टाटा हॉस्पिटलच्या दारात मात्र यातलं कुठलंही स्थानक नाही. तिथे टॅक्सीच बरी.

मार्क कापायचे ते चालण्याचे. भुयारी स्थानकं खोल आणि लांब आहेत. रस्त्यावरून तिकीट खिडकीच्या मजल्यावर एक लिफ्ट, तिथून फलाटावर दुसरी, आणि दोन्ही एकमेकींच्या समोर नसतात. प्रत्येक गेटला लिफ्ट नसते. त्यामुळे टॅक्सीवाल्याला नुसतं स्टेशनचं नाव सांगून भागत नाही, लिफ्टच्या गेटचा नंबर सांगावा लागतो. गुंदवलीला सात नंबरमधून उतरून पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकावर एक नंबरची गाडी पकडायची तर पुलावरून चालणं आलंच. तेवढं चालणं जमत असेल तर ठीक, नाहीतर सोबत घडीची खुर्ची हवी. तपासणीच्या जागी पेसमेकर असल्याचं आधीच सांगून हाताने तपासणी मागावी आणि पेसमेकरचं कार्ड वरच्या खिशात ठेवावं. काठी मशीनमधून पाठवायला सांगतात. तेवढ्या वेळात धरायला कुणाचा तरी हात हवा, हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

२अ आणि ७ या मार्गिकांवर मे २०२३ पासून ६५ वर्षांवरच्या प्रवाशांना २५ टक्के सवलत आहे, पण ती मुंबई वन कार्डवरच्या ४५ किंवा ६० फेऱ्यांच्या महिन्याच्या पासवर. महिन्यातून दोनदा तपासणीला जाणाऱ्या आजींच्या ती काय कामाची? रोज नातवाला क्लासला सोडणाऱ्या आजोबांना मात्र जरूर घेऊन द्यावा.

बेस्टची लो-फ्लोअर बस कागदावर उत्तम आहे. अशा बसची जमीन रस्त्यापासून साधारण ४०० मिलिमीटरवर असते. फुटपाथवरून चढलं तर निम्मी पायरी उरते. प्रत्यक्षात स्टॉपसमोर रिक्षा आणि पार्क केलेल्या गाड्या, बस थांबते रस्त्याच्या मधोमध, आणि ती वाचलेली पायरी परत येते. त्यात बाइकवाले डावीकडून घुसतात. म्हणून गर्दीच्या नाक्यावरच्या स्टॉपपेक्षा डेपोतून किंवा पहिल्या स्टॉपवरून चढावं, भले मागे एक स्टॉप टॅक्सीने जावं लागलं तरी.  आत शिरल्यावर चाकावरच्या उंच सीटा आणि मागचा पायऱ्यांचा भाग सोडून मधल्या सपाट भागात बसावं. चलो ॲपवर बस कुठे आहे ते दिसतं. ती दोन स्टॉप लांब असताना घरातून खाली उतरलं तरी चालतं, आणि स्टॉपवर उभं राहणं वाचतं. मे २०२५ पासून साध्या बसचं किमान तिकीट १० आणि एसीचं १२ रुपये आहे. उतरायच्या आधी उठून दाराशी जायची जुन्या मुंबईकरांची सवय मात्र मोडायला हवी. बस पूर्ण थांबल्याशिवाय उठायचं नाही, कंडक्टर ओरडला तरी.

लोकलबद्दल थोडक्यात. चालायला ठणठणीत असलेल्यांनी दुपारी बाराच्या पुढे आणि चारच्या आत, इतरांनी नाही. साध्या सेकंड क्लासमध्ये ज्येष्ठांसाठी १४ जागा राखीव आहेत. जुलै २०२५ मध्ये मध्य रेल्वेने लगेज डब्याच्या जागी ज्येष्ठांचा स्वतंत्र डबा असलेली पहिली लोकल आणली, पण समोर आलेल्या गाडीत तो असेलच असं धरून फलाटावर उभं राहू नये. अपंगांच्या डब्यात नुसत्या वयावर बसता येत नाही. एसी लोकलचे दरवाजे बंद होतात म्हणून ती सुरक्षित वाटते, पण फलाट आणि डबा यांच्यातली फट तीच आणि गाडी थांबते तीही तेवढीच. दादरला डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट ८ नंबरपासून सुरू होतात. आजोबांच्या डोक्यात अजून जुना नंबर असतो आणि ते चुकीचा पूल चढून बसतात.

परतीची गाडी वेगळी ठरवावी. डायलिसिसला सकाळी टॅक्सीने गेलेल्या माणसाचं बीपी नंतर उतरलेलं असतं, डोळ्यांत औषध घातलेल्याला पायरी दिसत नाही. जाताना टॅक्सी आणि येताना रॅम्पची गाडी, असा हिशोब कित्येकदा योग्य ठरतो, आणि बहुतेक रॅम्पवाले एकेरी भाडंही घेतात, विचारावं लागतं. १०८ ही ॲम्ब्युलन्स सेवा अशा नेहमीच्या फेऱ्यांसाठी नाही, ती तातडीच्या वेळी. बसताच येत नसेल तर स्ट्रेचरची खासगी ॲम्ब्युलन्स आदल्या दिवशी सांगून ठेवावी, आणि तिचं स्ट्रेचर आपल्या जिन्याच्या वळणावर फिरतं का हे तिच्या माणसाला एकदा येऊन बघायला लावावं.