घरचं वायरिंग स्वतः करताय? योजनेचं सदस्यत्व की काउन्सिलला नोटीस

इंग्लंडमध्ये स्वतःच्या घराचं वायरिंग स्वतः करायला कायद्याची आडकाठी नाही. बांधकाम नियमांतला घरातल्या विजेच्या सुरक्षिततेचा भाग, म्हणजे पार्ट पी, २००५ साली लागू झाला, तेव्हापासून प्रश्न आहे तो ते काम प्रमाणित करण्याचा. २०१३ पासून नवं सर्किट, कन्झ्युमर युनिट (घरातला फ्यूजचा मुख्य बोर्ड) बदलणं आणि बाथरूममधली शॉवर-टबाजवळची कामं मुख्यतः एवढंच काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला, म्हणजे बांधकाम तपासणाऱ्या विभागाला, कळवावं लागतं. वेल्समधली यादी याहून लांब आहे.

एनआयसीईआयसी किंवा नॅपिटसारख्या, स्वतःचं काम स्वतः प्रमाणित करू देणाऱ्या इलेक्ट्रिशियनांच्या नोंदणी योजनेत शिरलात तर आधी कोणाला विचारायला नको. काम झाल्यावर ३० दिवसांत कळवलं की झालं. भिंत कधी बुजवायची ते तुमच्या हातात. ज्याचा हा धंदाच आहे त्याने दुसरीकडे बघूही नये. मलाही मोह होता. फी, विमा, चाचणीचा मीटर हेही जमवलं असतं. अडलं ते वार्षिक तपासणीपाशी. परीक्षक दरवर्षी येणार आणि केलेली कामं बघायला मागणार. एका घरात दरवर्षी नवं काम आणायचं कुठून? मग मित्रांची कामं अंगावर घ्यायची, आणि त्यांच्या घराची जबाबदारी मला नको होती.

म्हणून मी सिटी अँड गिल्ड्सचा २३९१ हा टेस्टिंगचा कोर्स केला आणि काम सुरू करण्याआधी बिल्डिंग कंट्रोलला नोटीस दिली. नोंदणी नसली तरी पात्रता असेल, तर आपण भरलेलं बीएस ७६७१ चं (वायरिंगच्या ब्रिटिश मानकाचं) प्रमाणपत्र ते विचारात घेऊ शकतात. माझ्याकडे अधिकारी केबल बुजवण्याआधी बघून गेले, शेवटी रीडिंग वाचली. उघड्या भिंतीपाशी वाट बघत प्लास्टरवाल्याची तारीख सांभाळणं त्रासाचं आहे, नाही म्हणत नाही. काउन्सिलागणिक पद्धतही बदलते, तेव्हा फी किती आणि तुमचं प्रमाणपत्र चालेल का, हे आधी लेखी विचारा.

त्रयस्थ नोंदणीकृत प्रमाणक हा तिसरा मार्ग. पण त्यालाही कामाआधीच नेमावं लागतं, आणि दुसऱ्याच्या कामावर सही करायला तयार होणारा मला तरी भेटला नाही.

कोर्स मात्र कोणीही टाळू नये असं मला वाटतं. अर्थिंगची तार तुटलेली असली तरी दिवा लागतोच. ५०० व्होल्टवर इन्सुलेशन आणि मग लूप इम्पिडन्स (बिघाड झाल्यावर वीज ज्या वाटेने परतते तिचा अडथळा) स्वतः मोजल्यावरच आपल्या वायरिंगवर माझा विश्वास बसला.

कागद कुठल्याही मार्गाने मिळो, जपून ठेवा. घर विकताना खरेदीदाराचा सॉलिसिटर तो मागतोच.