सायपायचं इमरीड गेलं: त्याच्या जागी इमेजआयओ, पिलो की ओपनसीव्ही?

इमरीड हे सायपाय या पायथन लायब्ररीतलं चित्राची फाइल वाचून तिचे पिक्सेल आकड्यांच्या ॲरेत देणारं फंक्शन. ते वापरणारा जुना पायथन कोड नव्या मशीनवर चालवला की तो सुरुवातीच्या ओळींतच अडतो. एक तर ‘सायपाय.मिस्कमध्ये इमरीड नावाचा ॲट्रिब्यूट नाही’ असा एरर येतो, नाहीतर इंपोर्टची ओळच फसते. स्टॅनफोर्डच्या सीएस२३१एन कोर्सचं नमपाय ट्युटोरियल आणि त्या काळातले स्टाइल ट्रान्सफरचे प्रकल्प यांतून उचललेल्या कोडमध्ये इमरीड इंपोर्ट करणारी ओळ हमखास सापडते.

सायपायने आवृत्ती १.०.० मध्ये (ऑक्टोबर २०१७) हे फंक्शन कालबाह्य ठरवलं. इशाऱ्यात १.२.० मध्ये काढू असं म्हटलं होतं, प्रत्यक्षात ते १.३.० मध्ये (मे २०१९) गेलं. सोबत इमसेव्ह, इमरिसाइझ, इमरोटेट, टूइमेज आणि बाइटस्केलही गेले. एक गोष्ट मात्र आधी तपासा. सायपाय १.३.० पेक्षा जुनं असूनही हाच एरर येत असेल, तर बहुधा पिलो (चित्रं हाताळणारी लायब्ररी) इन्स्टॉल केलेलं नाही. ही फंक्शनं आतून पिलोवरच चालायची, आणि पिलो नसलं की सायपाय काही न बोलता ती वगळायचं. अशा वेळी फक्त पिलो इन्स्टॉल केलं तरी काम होतं.

(फंक्शनांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत.)

सायपाय १.१.० वर परत जाणं हा पहिला मोह. त्याची तयार पॅकेजं पायथन ३.७ पर्यंतच आहेत. पुढच्या पायथनवर पिप सोर्समधून बिल्ड करायला जातं आणि फोर्ट्रान कंपायलर मागतं. एखाद्या जुन्या शोधनिबंधाचे आकडे जसेच्या तसे पुन्हा काढायचे असतील, तर वेगळं एन्व्हायर्नमेंट करून हे जरूर करा. चालू प्रकल्पात करू नका.

मग उरतो प्रश्न पर्यायाचा. नाव बदलायला दोन मिनिटं लागतात. पण जुनं इमरीड जे आकडे द्यायचं तेच नवं फंक्शन देतं का, यावर पुढचा सगळा कोड अवलंबून असतो. निवड त्यावरूनच करावी.

| पर्याय | जेपीजीचे आकडे | पीएनजीचे आकडे | रंगांचा क्रम | फाइल सापडली नाही तर |
|---|---|---|---|---|
| इमेजआयओ | ० ते २५५ | ० ते २५५ | लाल-हिरवा-निळा | एरर |
| पिलो + नमपाय | ० ते २५५ | ० ते २५५, पॅलेट असेल तर क्रमांक | लाल-हिरवा-निळा | एरर |
| ओपनसीव्ही | ० ते २५५ | ० ते २५५, पारदर्शकता गायब | निळा-हिरवा-लाल | एरर नाही, नन (रिकामं मूल्य) मिळतो |
| मॅटप्लॉटलिब | ० ते २५५ | ० ते १, दशांशात | लाल-हिरवा-निळा | एरर |

(आकडे ८ बिटच्या चित्रांचे.)

इमेजआयओ. सायपायच्या इशाऱ्यानेच सुचवलेला पर्याय, आणि बहुतेकांनी हाच घ्यावा. पण नुसतं ‘इंपोर्ट इमेजआयओ’ करून इमरीड बोलावलं, तर अलीकडच्या आवृत्त्यांत नवाच इशारा येतो: तिसऱ्या आवृत्तीपासून या फंक्शनचं वागणं बदलणार आहे. म्हणजे एक कालबाह्य फंक्शन काढून दुसरं बसवल्यासारखंच. इंपोर्टच्या ओळीतच इमेजआयओ.व्ही२ किंवा इमेजआयओ.व्ही३ असं स्पष्ट लिहिलं की तो इशारा जातो.

व्ही२ की व्ही३? जुना कोड कमीत कमी बदलून चालवायचा असेल तर व्ही२. तिथे जुन्या ‘मोड’च्या जागी ‘पिलमोड’ आणि ‘फ्लॅटन’च्या (चित्र करडं करून देणारा पर्याय) जागी ‘ॲज_ग्रे’ लिहायचं. ॲज_ग्रेने मिळणारे आकडे फ्लॅटनसारखेच दशांशात, पण ० ते २५५ या पट्ट्यात असतात, त्यामुळे पुढचं ‘भागिले २५५’ तसंच ठेवता येतं. नवा कोड लिहायचा असेल तर व्ही३. त्यात साधा नमपाय ॲरे मिळतो आणि पिलोमार्फत वाचताना ‘मोड’ हेच नाव चालतं. फरक ॲनिमेटेड जिफमध्ये जाणवतो: व्ही२ पहिली फ्रेम देतं, व्ही३ सगळ्या फ्रेम एकावर एक रचून चार मितींचा ॲरे देतं. फोल्डरमध्ये एखादी जिफ असली की पुढे आकारमान जुळत नसल्याचा एरर येतो आणि दोष मॉडेलला दिला जातो. एकच फ्रेम हवी असेल तर इंडेक्स ० द्या.

पिलो. इमेजआयओ आणि मॅटप्लॉटलिब दोन्ही पिलोवर अवलंबून आहेत, म्हणजे ते तुमच्याकडे बहुधा आधीच आहे. सर्व्हरवर एकही जादा पॅकेज नको असेल तर थेट हेच वापरा: इमेज.ओपनने फाइल उघडा, लगेच कन्व्हर्ट करून आरजीबी करा, मग एनपी.ॲरेमध्ये घाला. मधली पायरी गाळू नका. पॅलेटवाल्या पीएनजीत प्रत्येक पिक्सेलजागी रंग नसून पॅलेटमधला क्रमांक असतो. जुनं सायपाय त्याचं रंगीत रूपांतर गुपचूप करायचं. पिलोतून थेट ॲरे काढलात तर ते क्रमांकच हाती येतात आणि चित्र काळपट, विचित्र दिसतं. फ्लॅटनची बरोबरी हवी असेल तर आरजीबीऐवजी एफ मोड (करडं, दशांशात) घ्या. एल मोडमध्येही वजनं तीच (लाल ०.२९९, हिरवा ०.५८७, निळा ०.११४), पण उत्तर पूर्णांकात येतं. शिवाय एनपी.ॲरेच्या जागी एनपी.ॲसॲरे वापरलं तर मिळणारा ॲरे फक्त वाचण्यापुरता असू शकतो, आणि पिक्सेल बदलायला गेलं की एरर.

ओपनसीव्ही. व्हिडिओ, कॅमेरा किंवा कडा शोधणं यासाठी ओपनसीव्ही आधीच वापरत असाल तरच. केवळ फोटो वाचायला एवढं मोठं पॅकेज आणू नये. रंग उलट्या क्रमाने येतात, तेव्हा सीव्हीटीकलरने आरजीबी करून घ्या. ही पायरी विसरली तर एरर येत नाही, फक्त चेहरे निळसर दिसतात आणि आधी प्रशिक्षित केलेल्या मॉडेलची अचूकता घसरते. मोबाइलवर काढलेला फोटो हे फंक्शन एक्झिफमधली (फोटोसोबत साठवलेल्या माहितीतली) दिशा पाहून आपोआप फिरवतं. जुनं इमरीड फिरवत नसे. त्यामुळे उंची-रुंदीची अदलाबदल झालेली दिसू शकते, आणि आधी आखून ठेवलेल्या चौकटी भलत्याच जागी पडतात.

मराठी वापरकर्त्यांना हमखास नडणारी बाब वेगळीच. विंडोजवर फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात देवनागरी अक्षरं असली की ओपनसीव्हीचं इमरीड फाइल समोर असूनही नन परत देतं. ‘गणपती २०२३’ अशा फोल्डरमधले फोटो याच कारणाने ‘सापडत नाहीत’. एरर पुढच्या ओळीत येतो, ननला शेप नाही असा, त्यामुळे शोध चुकीच्या दिशेने जातो. उपाय असा: एनपी.फ्रॉमफाइलने फाइलमधले बाइट यूइंट८ (० ते २५५ पूर्णांक) प्रकारात वाचा आणि ते ओपनसीव्हीच्या इमडिकोडला द्या. फोल्डरचं नाव बदलायची गरज नाही.

डॉकरमध्ये लिबजीएल सापडत नाही असा एरर आला, तर साध्या पॅकेजऐवजी त्याची हेडलेस (खिडक्या न दाखवणारी) आवृत्ती इन्स्टॉल करा. दोन्ही एकत्र ठेवू नका.

मॅटप्लॉटलिब. नोटबुकमध्ये चित्र नुसतं पाहायचं असेल तर ठीक. प्रकल्पात नको. पीएनजी आणि जेपीजीला दोन वेगळे पट्टे देणारं फंक्शन मिश्र फोल्डरवर चालवलं, की २५५ ने भागल्यावर पीएनजी जवळपास काळ्या होतात. त्याचे स्वतःचे दस्तऐवजही पिलो वापरा असंच सांगतात.

सायकिट-इमेज वापरत असाल तर त्याचं इमरीड चालेल, पण तिथला ॲज_ग्रे फसवा आहे. रंगीत चित्र ० ते १ मध्ये येतं, आणि मुळातच करडं असलेलं चित्र न बदलता ० ते २५५ मध्येच राहतं. वजनंही वेगळी: ०.२१२५, ०.७१५४, ०.०७२१.

इमरीड दुरुस्त झालं की लगेच इमरिसाइझ अडतं, आणि तिथे पर्याय खरं तर एकच: पिलोचं रिसाइझ, बायलिनियर. जुनं फंक्शन आतून तेच वापरायचं. ओपनसीव्हीच्या रिसाइझचं नावही बायलिनियरच, पण चित्र लहान करताना पिलो आसपासच्या जास्त पिक्सेलांची सरासरी घेतं, ओपनसीव्ही घेत नाही. बारीक रेषा तुटक होतात आणि मॉडेलचे आकडे हलतात. मापांचा क्रमही उलटा: इमरिसाइझला उंची आधी लागायची, पिलोला रुंदी आधी. चौरस चित्रांवर ही चूक उघडी पडत नाही. इमसेव्ह आणि इमरिसाइझ यूइंट८ नसलेल्या ॲरेचे आकडे सगळ्यात लहान ० आणि सगळ्यात मोठा २५५ असे ताणून घ्यायचे. नवे पर्याय तसं करत नाहीत. ते ताणणं हवं असेल तर दोन ओळींत स्वतः लिहा, नको असेल तर क्लिप करून यूइंट८ मध्ये बदला.

बदल पक्का करण्याआधी चार फाइल घ्या: साधी जेपीजी, पारदर्शक पीएनजी, पॅलेटवाली पीएनजी आणि मोबाइलवर उभा काढलेला फोटो. जुन्या एन्व्हायर्नमेंटमध्ये त्या वाचून एनपी.सेव्हने साठवा, नव्यात पुन्हा वाचा, आणि शेप, डीटाइप, किमान, कमाल जुळवा. जेपीजीत एखाद्या पिक्सेलमध्ये एका अंकाचा फरक आला तर तो डिकोडरच्या आवृत्तीचा असू शकतो, चालेल. वजाबाकी करण्याआधी दोन्ही ॲरे इंट१६ मध्ये बदलून घ्या. यूइंट८ मध्ये ३ वजा ४ म्हणजे २५५ येतात, आणि नसलेला फरक शोधण्यात दुपार जाते.