जैसलमेरला बुजवलेलं छत, बेळगावच्या पावसानंतर

गाडी उभी असेल तिथे येऊन छताची गळती काढणाऱ्या माणसावर भरवसा ठेवावा का, असं इथे दोघा-तिघांनी विचारलं. एकाची निपाणीत खाण्याच्या पदार्थांची व्हॅन आहे, दुसरा जांबोटीच्या बाजूला पाहुण्यांसाठी कॅरव्हॅन बांधून घेतोय. तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या गाडीचं काम मार्चअखेरीस जैसलमेरजवळ झालं. त्यानंतर तिच्यावरून वळीव गेला, मिरग गेला, तरणा आणि म्हातारा दोन्ही पाऊस गेले. आता दसरा तोंडावर आलाय आणि आत एक थेंब आलेला नाही. छतावरच्या पांढऱ्या कोटिंगबद्दल मात्र माझी तक्रार आहे, ती पुढे सांगतो.

गाडी ट्रॅव्हलर म्हणजे मिनीबस आहे, आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय करून घेतलेली. वर एसी, हवेचा पंखा, सोलर पॅनेल आणि मागे शिडी. म्हणजे धड पत्र्याला चार ठिकाणी भोकं पाडलेली. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालो. नोकरीत त्या वाळवंटात राहिलो होतो, तेव्हा सौ.ला तनोट आणि लोंगेवाला दाखवायचं फार दिवस मनात होतं. तिकडे एका संध्याकाळी धुळीची आंधी आली आणि तिच्यामागोमाग जोरदार सर. एसीच्या चौकटीतून बिछान्यावर धार लागली.

वाळवंटात पाऊस तो किती, तिथे छत गळायची काळजी कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण गळती तयार होते ती उन्हात. पाऊस फक्त ती दाखवतो. दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही आणि पहाटे तोच पत्रा गार पडलेला असतो. तापमानात 40 अंशांचा फरक पडला तर दोन मीटर लांबीचं पोलाद साधारण एक मिलिमीटर वाढतं, तेवढंच अ‍ॅल्युमिनियम जवळपास पावणेदोन मिलिमीटर. छत पोलादाचं आणि पॅनेलची चौकट अ‍ॅल्युमिनियमची, त्यामुळे दोघांना जोडणाऱ्या स्क्रूंवर रोज ओढाताण होते. मार्चमध्येच ही तऱ्हा. त्याच पट्ट्यातल्या फलोदीला 19 मे 2016 रोजी 51 अंशांची नोंद झाली होती, तेव्हा उन्हाळाभर तिकडे उभ्या असणाऱ्या गाड्यांच्या सांध्यांचं काय होत असेल ते समजा.

त्यात गाडी बांधून देणाऱ्याने सगळीकडे फटी बुजवायचं सिलिकॉन ओढून ठेवलं होतं. सिलिकॉन उन्हाला चांगलं टिकतं, दोष त्याचा नाही. पण रंग न घासता, धूळ न पुसता ओढलं की ते कडेने सुटतं. शिवाय जुन्या सिलिकॉनवर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. गाडी बांधून घेताना सांध्याच्या आत बुटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) घातली आहे का, एवढं आधी विचारा. नुसतं वरून ओढलेलं दिसलं तर ते काम मान्य करू नका.

मुक्कामाच्या मालकाने फोन लावून दिला आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मिस्त्री पिकअप घेऊन हजर. पहाटेची वेळ त्याने मुद्दाम धरली होती, कारण तापलेल्या पत्र्यावर सीलंटला, म्हणजे फट बुजवायच्या पेस्टला, बुडबुडे येतात. आल्या आल्या तो वर चढला नाही. दारं, छतावरचा पंखा, सिंकचं भोक, सगळं बंद करून टेपने चिकटवलं. एका खिडकीत पुठ्ठा बसवून त्यातून ब्लोअरने आत हवा भरली. मग वर जाऊन साबणाच्या पाण्याचा ब्रश एकेका सांध्यावरून फिरवू लागला. मला शिडीवर बोलावून म्हणाला, "देखिए फौजी साब." एसीच्या चौकटीभोवती एकही बुडबुडा नव्हता. पॅनेलच्या मागच्या ब्रॅकेटच्या एका स्क्रूपाशी मात्र फेस फुगत होता, फुटत होता, पुन्हा फुगत होता. पाणी तिथून शिरून आतल्या पट्टीवरून वाहत एसीपाशी येऊन गळत होतं. बिछान्यावर गळतंय म्हणून तिथेच वरून काहीतरी फासून दिलं असतं तर आम्ही बेळगावला गळतच पोचलो असतो.

स्क्रू काढल्यावर भोकाच्या कडेला गंजाची करडी रिंग आणि आत पिठासारखी बारीक धूळ निघाली. सांधा एकदा फटला की ही धूळ आत बसते आणि फट पुन्हा मिटू देत नाही. जुनं सिलिकॉन त्याने प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून पार काढलं, पत्रा अल्कोहोलने पुसला, गंज घासून प्रायमर मारला. खाली बुटाइल, वर स्क्रू आणि त्यावर पॉलियुरेथेन सीलंटचा जाड थर. एसीचं गॅस्केट गळत नसतानाही उन्हाने कडक झालं होतं, तेही बदललं.

दोन गोष्टी मला तिथेच पहिल्यांदा कळल्या. पॉलियुरेथेन सीलंट हवेतल्या ओलाव्यावर पिकतं. वाळवंटातल्या कोरड्या हवेत ते फार सावकाश घट्ट होतं, म्हणून वर साय धरल्यावर मिस्त्री त्यावर अधूनमधून पाण्याचा हलका फवारा मारत होता. गाडी लगेच हलवायची नाही, अशी सक्त ताकीद होती. दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट. भिजलेलं प्लायवूड वाळवायला वाळवंटासारखी जागा नाही. त्याने आतलं सीलिंग खोलून तसंच उघडं ठेवलं, लाकडाची ओल मोजायचं छोटं यंत्र रोज टोचून बघितलं आणि आकडा 15 टक्क्यांच्या खाली आल्यावरच फळी परत बसवली. लाकडात ओल 20 टक्क्यांच्या वर राहिली की कुजण्याची भीती असते. हेच काम बेळगावला आमच्या टिळकवाडीत जुलैत काढलं असतं तर फळी दिवाळीपर्यंत वाळली नसती. आतली ओल तशीच ठेवून वरून बुजवणं हा या धंद्यातला सगळ्यात वाईट प्रकार आहे, कारण गळती थांबलेली दिसते आणि लाकूड आतून कुजत राहतं.

खर्च सामानासकट आठ हजारांच्या आसपास आला. मला तो रास्त वाटला.

खरी परीक्षा इकडे झाली. मेमध्ये गारांचा वळीव झोडपून गेला, आत काही नाही. जुलैत गाडी मुद्दाम कणकुंबीला नेऊन ठेवली, मलप्रभेच्या उगमापाशी. तिथली झड ज्यांनी पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको. वाऱ्यामुळे पाणी आडवं येतं आणि दिवसरात्र थांबत नाही. मी टॉर्च घेऊन सीलिंगचे सगळे कोपरे चाचपले, यंत्र टोचलं. लाकूड कोरडं. त्या रात्री मी निर्धास्त झोपलो.

आता तक्रार. सांधे झाल्यावर मिस्त्रीने सगळ्या छताला पांढरं अ‍ॅक्रिलिक कोटिंग मारायचा सल्ला दिला, त्याचे पैसे वेगळे. ऊन परतवायला ते उत्तम. परतीच्या वाटेवर गुजरातच्या उन्हात गाडीच्या आत फरक चांगलाच जाणवला. पण एसीच्या मागे आमच्या छताला किंचित खोलगट भाग आहे आणि तिथे पाणी साचतं. पाण्यात बुडून राहिलं की हे कोटिंग मऊ पडतं. श्रावणात तिथले पापुद्रे सुटू लागले आणि उरलेल्या भागावर शेवाळ धरलं. साचणाऱ्या पाण्याला सिलिकॉनचं कोटिंग चालतं, पण मग पुढे त्यावर दुसरं काही चिकटणार नाही, ही अडचण आहेच. माझं मत असं की आपल्या सीमाभागात, निदान खानापूर-बेळगाव पट्ट्यात, आख्ख्या छताला अ‍ॅक्रिलिक मारू नये. गाडी उताराकडे तोंड करून उभी केली की निम्मा प्रश्न सुटतो. चिकोडी-अथणीकडे पाऊस कमी आणि ऊन जास्त, तिथे अ‍ॅक्रिलिक चालेल.

मिस्त्रीला व्हिडिओ कॉल करून पापुद्रे दाखवले. त्याने नीट बघितलं, "हमारे यहाँ पानी खड़ा ही नहीं रहता, साब," म्हणाला आणि कोटिंगचे निम्मे पैसे परत पाठवले. तो काही इतक्या लांब येऊ शकत नाही, आणि फिरत्या माणसाकडून काम करून घेताना ही बाजू धरूनच चालावं लागतं. निघण्यापूर्वी कोणतं सामान कुठे वापरलं त्याचे फोटो आणि डब्यांवरची नावं त्याच्याकडून मागून घ्या. मी घेतली होती, म्हणून इथल्या माणसाला पुढचं काम सांगता आलं.

पत्र्याच्या कामात बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखानेवाल्यांचा हात धरणारा कोणी नाही, पण ते गाडी शेडमध्ये सोडून जा म्हणतात. ओळखीतला एक वेल्डर मात्र घरी येऊन बघून गेला. "काका, आत थर्माकोल आहे ओ, वेल्डिंगचं नाव काढू नका," म्हणाला. त्याच्याशी बोलून ठरलंय ते असं: पॅनेलचे स्क्रूवाले ब्रॅकेट काढायचे, भोकं कायमची बंद करायची आणि पॅनेल प्लॅस्टिकच्या कोपऱ्यांवर पॉलियुरेथेननेच चिकटवायचं. ऑक्टोबरअखेर पत्रा कोरडा असतो, ऊन बेताचं असतं आणि सीलंट पिकायला लागतो तेवढा ओलावा हवेत असतो. दिवाळीच्या आधी ते उरकून घेणार आहे.