रेडियम-युरेनियमच्या पाण्यासाठी सिंकखालचा आरओ : परीक्षण

सार्वजनिक नळाच्या पाण्याच्या अहवालात रेडियम किंवा युरेनियम मर्यादेबाहेर दिसलं, तर पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यापुरता सिंकखाली बसणारा, टाकीवाला साधा आरओ हा घरगुती उपायांतला सगळ्यात भरवशाचा. अट एकच आहे. मेम्ब्रेनला, म्हणजे आरओमधल्या पाणी गाळणाऱ्या बारीक पडद्याला, वळसा घालून आलेलं पाणी ग्लासात पडता कामा नये. बरीच यंत्रं याच अटीवर नापास होतात, आणि तो दोष माहितीपत्रकात 'खास सुविधा' म्हणून छापलेला असतो.

ही सुविधा म्हणजे टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर किंवा अ‍ॅडजस्टर नावाचा छोटा व्हॉल्व्ह. पाण्याची चव फिकी लागू नये म्हणून तो थोडं कच्चं पाणी मेम्ब्रेननंतर पुन्हा मिसळतो. क्षारांसाठी हे चालेल, रेडियम-युरेनियमसारख्या किरणोत्सारी पदार्थांसाठी चालत नाही. हिशेब करून पाहा. कच्च्या पाण्यात रेडियम-२२८ (रेडियमचा एक प्रकार) लिटरला ०.४ बेकरेल आहे. बेकरेल हे किरणोत्सार मोजायचं एकक. मेम्ब्रेन त्यातलं ९५ टक्के अडवतो, म्हणजे खाली ०.०२ उरतं. आता ग्लासातलं पाव पाणी कच्चं मिसळलेलं असेल तर आकडा ०.११५ वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेची रेडियम-२२८ साठीची मार्गदर्शक पातळी ०.१ आहे. उत्तम मेम्ब्रेन बसवूनही पाणी नापास! व्हॉल्व्ह पूर्ण बंद करता येत असेल तर बंद करा, येत नसेल तर ते यंत्र या कामासाठी घेऊ नका. चवीसाठी मेम्ब्रेननंतर कॅल्साइटची कांडी लावता येते. ती स्वच्छ पाण्यात कॅल्शियम सोडते, कच्चं पाणी मिसळत नाही.

'सात टप्पे', 'नऊ टप्पे' या जाहिरातींकडेही लक्ष देऊ नका. काम करणारा टप्पा एकच, मेम्ब्रेन. त्याआधीचा ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर गाळ अडवतो आणि कार्बन ब्लॉक क्लोरीन काढतो, कारण क्लोरीनने मेम्ब्रेनचा पातळ पॉलिअमाइडचा थर खराब होतो. शेवटचा छोटा कार्बन टाकीतल्या पाण्याचा वास काढतो. यूव्ही दिव्याचा रेडियमवर किंवा युरेनियमवर काहीही परिणाम होत नाही, तो जंतूंसाठी आहे. माहितीपत्रकात एक ओळ मात्र शोधाच: एनएसएफ/एएनएसआय ५८ या आरओ यंत्रांसाठीच्या अमेरिकी मानकाखाली 'रेडियम २२६/२२८' कमी होण्याचा दावा तपासलेला आहे का? नुसतं '५८ प्रमाणित' एवढ्यावर समाधान मानू नका. त्या मानकात टीडीएस किमान ७५ टक्के कमी झाला तरी पुरतं, आणि रेडियमचा दावा ऐच्छिक असतो.

आरओला जे जमत नाही तेही विकत घेण्याआधी माहीत हवं. रेडॉन हा किरणोत्सारी वायू आहे, तो मेम्ब्रेनमधून सहज पार होतो. ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, तर पाण्याच्या रेणूचाच भाग असतो, त्याला कुठलाही घरगुती फिल्टर वेगळा करू शकत नाही. रेडॉनसाठी घरात शिरणाऱ्या मुख्य पाइपवरच हवा खेळवणारं यंत्र लागतं, आणि त्याचा धुराडा छपराच्या वर काढावा लागतो. शॉवर, कपडे धुणं यातून रेडॉन घरातल्या हवेत येतो, त्यामुळे फक्त पिण्याचं पाणी साफ करून उपयोग नाही. रेडॉनसाठी मोठी कार्बनची टाकी बसवतात, ती चालते. पण अडकलेल्या रेडॉनपासून तयार होणारे शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ गॅमा किरण सोडतात, म्हणून ती टाकी झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून ठेवू नये. रेडियम आणि युरेनियमचं उलट आहे. त्वचेतून ते शरीरात फारसे जात नाहीत, त्यामुळे अंघोळीच्या पाण्याची काळजी नको आणि सिंकखालचं एक यंत्र पुरतं.

पाण्याचा कठीणपणा काढणारा सॉफ्टनर आधीच बसवलेला असेल तर? रेडियम रसायनात कॅल्शियम आणि बेरियमचा भाऊ. सॉफ्टनरचं रेझिन, म्हणजे आतले आयन पकडणारे बारीक मणी, त्याला कॅल्शियमपेक्षाही घट्ट धरतं. पाण्याचा कठीणपणा वाढायच्या आत मिठाने रेझिन धुतलं जात असेल तर रेडियमही नीट निघतो. युरेनियम मात्र निघत नाही. नेहमीच्या पाण्यात तो कार्बोनेटशी जोडला जाऊन ऋणभारित असतो आणि सॉफ्टनरचं रेझिन धनभारित आयनच पकडतं. आणखी एक खोच प्लंबिंगची आहे. बऱ्याच घरांत स्वयंपाकघरातला थंड पाण्याचा नळ मुद्दाम सॉफ्टनरच्या आधीच्या पाइपला जोडलेला असतो. मग सगळं घर मऊ पाणी वापरतं आणि प्यायला कच्चं! सिंकखालची जोडणी एकदा डोळ्यांनी पाहाच.

युरेनियमसाठी अ‍ॅनायन, म्हणजे ऋणभारित आयन पकडणाऱ्या, रेझिनची कांडी मिळते, तिची धरण्याची ताकद मोठी असते, पण युरेनियम तिच्यातच साठत जातो. लिटरला ६० मायक्रोग्रॅम आणि दिवसाला १० लिटर धरले तर वर्षाला सुमारे ०.२२ ग्रॅम. आरओ तो साठवत नाही, निचऱ्यात सोडतो. म्हणून घरासाठी आरओला पसंती. निचऱ्याच्या पाण्यात मात्र हे पदार्थ जास्त दाट असतात. निम्मं पाणी वाया जाणाऱ्या यंत्रात ते कच्च्या पाण्याच्या जवळपास दुप्पट असतात. हे पाणी फरशी पुसायला वापरा, प्यायला किंवा रांधायला नको, जनावरांनाही देऊ नका. आणि पाणी उकळणं हा इथे उपाय नाही. २ लिटर उकळून दीड लिटर केलं की युरेनियम-रेडियम तेवढेच राहतात, फक्त पाणी घटतं.

आता यंत्र चालतंय का, हे कसं ओळखायचं? टीडीएस मीटर रेडियम दाखवू शकत नाही. १ बेकरेल रेडियम-२२६ म्हणजे जेमतेम २७ पिकोग्रॅम, ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले २७. मीटरचा सगळ्यात लहान आकडा लिटरला १ मिलिग्रॅम. तरीही मीटर जवळ ठेवा, कारण तो मेम्ब्रेनची तब्येत सांगतो. कच्चं पाणी ५०० आणि गाळलेलं ३० असेल तर ९४ टक्के अडवलं गेलं. रेडियमसारखे दुहेरी भाराचे आयन साध्या मिठापेक्षा जास्त चांगले अडतात, त्यामुळे हा आकडा चांगला असेपर्यंत रेडियमची बाजूही चांगली असते. ८५ च्या खाली गेला की मेम्ब्रेन बदला. मोजायच्या आधी नळ काही मिनिटं सोडून द्या. यंत्र बंद असताना क्षार मेम्ब्रेनमधून हळूहळू झिरपतात आणि पहिलं पाणी नेहमी वाईट येतं. टाकी नसलेल्या यंत्रात हा त्रास जास्त, तिथे सकाळचा पहिला ग्लास ओतून द्यावा.

किरणोत्सार मोजणारा, हातात धरायचा गायगर काउंटर ग्लासाजवळ नेऊन काही कळत नाही. १ बेकरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन, तेही लिटरभर पाण्यात कुठेतरी, आणि त्यातून सुटणारा अल्फा कण केसाच्या जाडीइतक्या पाण्यातच थांबतो. त्यावर खर्च करू नका, तोच प्रयोगशाळेवर करा.

प्रयोगशाळेकडून कच्च्या आणि गाळलेल्या, दोन्ही पाण्यांची चाचणी एकाच दिवशीच्या नमुन्यांवर करून घ्या. पहिली पायरी ग्रॉस अल्फा आणि ग्रॉस बीटा, म्हणजे पाण्यातला एकूण अल्फा आणि एकूण बीटा किरणोत्सार. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाळणीची पातळी (जिच्या वर गेलं तर पुढची तपासणी करायची) अनुक्रमे लिटरला ०.५ आणि १ बेकरेल आहे. इथे दोन ठिकाणी फसगत होते. एक, लिटरला ३० मायक्रोग्रॅम युरेनियम हा संघटनेचा मूत्रपिंडाच्या काळजीपोटी ठरवलेला आकडा, पण तेवढा युरेनियम एकटाच सुमारे ०.७५ बेकरेल अल्फा देतो. त्यामुळे ग्रॉस अल्फा जास्त आला की आधी युरेनियम मोजून वजा करा, मग उरलेल्याबद्दल बोला. दोन, रेडियम-२२८ बीटा सोडतो, तो अल्फाच्या चाचणीत दिसतच नाही. तो नावानिशी मागावा लागतो. ग्रॉस बीटा वाढलेला दिसला तर पोटॅशियमही मोजून घ्या, कारण निसर्गातल्या पोटॅशियम-४० मुळे १० मिलिग्रॅम पोटॅशियम साधारण ०.२८ बेकरेल बीटा देतं आणि त्याची काळजी नसते.

बाटली प्रयोगशाळेचीच वापरा. तिच्यात नायट्रिक आम्ल असेल तर विसळू नका. आम्लाने पीएच २ च्या खाली ठेवला नाही तर रेडियम बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि आकडा खोटाच कमी येतो. रेडॉनसाठी वेगळी काचेची कुपी, आत हवेचा एकही बुडबुडा नको, आणि नमुना घेतल्याची तारीख-वेळ चिठ्ठीवर हवीच, कारण रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो. ट्रिटियमच्या बाटलीत आम्ल घालत नाहीत.

बसवताना कच्च्या पाण्याचा दाब किमान ३ बार असावा, कमी असेल तर बूस्टर पंप लागतो. दाब कमी पडला की पाणी कमी येतं एवढंच नाही, अडवण्याची टक्केवारीही घसरते. रिकाम्या टाकीतल्या हवेचा दाब साधारण अर्धा बार ठेवा. टाकी भरल्यावरही निचऱ्याची नळी वाहत राहिली तर चेक व्हॉल्व्ह किंवा शटऑफ व्हॉल्व्ह गेलेला असतो. आणि नवा मेम्ब्रेन बसवल्यावर टक्केवारी ९४ ऐवजी ७० दिसली, तर मेम्ब्रेनला दोष देण्याआधी तो बाहेर काढून टोकाच्या नळीवरच्या दोन ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) पाहा. एखादी दुमडलेली किंवा कापलेली असते, आणि तिथूनच कच्चं पाणी चांगल्या पाण्यात मिसळतं. नवी ओ-रिंग लावा, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, सरळ दाबून बसवा, पहिली भरलेली टाकी पूर्ण ओतून द्या आणि मग पुन्हा मोजा.