जीनोमिक इम्प्रिंटिंग: सेमिनारसाठी कोणता सिद्धांत निवडावा?

नागपूर विद्यापीठात एम.एस्सी. प्राणिशास्त्राला असलेल्या आणि या विषयावर सेमिनार द्यायचे ठरवलेल्या विद्यार्थ्यापुढे मूळ कोडे असे असते: जनुकाच्या दोन प्रती असल्या की एक बिघडली तरी दुसरी निभावून नेते, मग काही जनुकांत आईची किंवा वडिलांची प्रत मिथिलेशनने (डीएनएवर मिथिल गटाची रासायनिक खूण लावून) गप्प करून, म्हणजेच इम्प्रिंटिंग करून, हा विमा सोडून देण्यात कोणता फायदा होता?

डेव्हिड हेग आणि मार्क वेस्टोबी यांनी 1989 साली मांडलेला नातेसंबंध सिद्धांत हितसंबंधांकडे बोट दाखवतो. मादीच्या पुढच्या पिलांचा बाप वेगळा असू शकतो, त्यामुळे पितृक प्रतीला आईकडून जास्त पोषण ओढणे परवडते, मातृक प्रतीला मात्र ते सर्व पिलांत वाटून द्यावे लागते. उंदरात हे स्पष्ट दिसते: वाढ घडवणारे प्रथिन बनवणाऱ्या आयजीएफ-2 जनुकाची पितृक प्रतच चालते, तर ते प्रथिन पकडून नष्ट करणाऱ्या ग्राहक-प्रथिनाच्या (रिसेप्टरच्या) जनुकाची मातृक प्रत. पितृक आयजीएफ-2 निकामी केल्यास पिलू जन्मतः सामान्य वजनाच्या सुमारे 60 टक्केच भरते. सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणपोषातही (बीतील भ्रूणाला पोसणाऱ्या ऊतीत) इम्प्रिंटिंग आढळते, आणि तिथेही पोषण आईचेच असते.

वुल्फ आणि हेगर यांचा 2006 चा सहअनुकूलन सिद्धांत संघर्षाऐवजी आई व पिलू यांच्या जुळवणुकीवर भर देतो. मातृक प्रत चालू असलेल्या जनुकांसाठी तो पटतो. पण पीईजी-3 सारखी, फक्त पितृक प्रत चालणारी जनुके पुढे आली की त्याची दमछाक होते.

परकीय डीएनए दाबण्याच्या यंत्रणेतून इम्प्रिंटिंग आले, ही कल्पना यंत्रणेचा उगम सांगते. ती पुढे का टिकली, हे सांगत नाही. इम्प्रिंटिंगमुळे अनिषेचित अंड्याच्या अनियंत्रित वाढीपासून मादीचे रक्षण होते, हा 1994 चा तर्क मोजक्याच जनुकांना लागू पडतो.

माझ्या मते मांडणीचा कणा नातेसंबंध सिद्धांताचाच असावा. त्यावर हमखास येणारा प्रश्न प्रॅडर-विली विकाराचा असतो. या विकारात काही पितृक जनुके गमावलेले बाळ आधी नीट दूध ओढत नाही, आणि हे सिद्धांताला धरूनच आहे; मात्र बालपणात पुढे त्याची भूक आवरत नाही. दूध सुटल्यावर हितसंबंध उलटतात, असे समर्थक म्हणतात खरे, पण हा युक्तिवाद मला ओढूनताणून बसवलेला वाटतो, आणि परीक्षकांसमोर तसे मोकळेपणाने म्हणायला हरकत नाही.